लाल विंचू आणि महाडचे डॉक्टर बावस्कर



हृदयाचे डॉक्टर म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? शहरातले मोठे हॉस्पिटल, काचेचा दरवाजा, अँजिओग्राफी आणि शेवटी हातात पडणारा खर्चाच्या अंदाजाचा कागद. आपल्या सभासदांपैकी बऱ्याच घरांत हा कागद येऊन गेलेला आहे. एक काळ असा होता, की हृदयाचे काही मोठे निघाले तर मुंबईच गाठावी लागे. आता नाशकात सोय झाली. शालिमारजवळ शासनाचे संदर्भ सेवा रुग्णालय आहे, खाजगी दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. तेव्हा एखाद्या हृदयतज्ज्ञाची माहिती अंकात द्या, असा आग्रह बरेच दिवस होत होता.

तो आग्रह आम्ही आज पुरा करीत आहोत, पण जरा आडवाटेने. ज्या डॉक्टरांविषयी लिहीत आहोत, त्यांनी कधी कुणाची छाती उघडून शस्त्रक्रिया केली नाही. त्यांच्या नावामागे हृदयतज्ज्ञ ही पाटीही नाही. ते साधे फिजिशियन. दवाखाना रायगड जिल्ह्यात महाडला. तरीसुद्धा हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्या एका भयंकर दुखण्यावर त्यांनी जो उपाय शोधला, तो सगळ्या जगाने घेतला. आणि हे दुखणे शहरातल्या माणसाचे नाही, तर बांधावर, खळ्यात, कोपीत वावरणाऱ्या माणसाचे आहे. लाल विंचवाच्या दंशाचे.

‘विंचू चावला तर हृदयाचा काय संबंध?’ असे कुणी म्हणेल. तोच तर सगळा विषय आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे शेतकऱ्याचे पोर. जन्म १९५१ चा, गाव जालना जिल्ह्यातले देहेड. घरची गरिबी, कोरडवाहू मुलूख. पडेल ते कष्टाचे काम करीत शिक्षण झाले. त्यांनी आपली ही सारी कहाणी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या पुस्तकात स्वतःच सांगितली आहे. गावच्या वाचनालयात मिळाले तर आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या हाती जरूर द्या. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले.

बिरवाडी म्हणजे डोंगर, भातशेती, कौलारू घरे. पेंढ्याच्या उडव्या, चुलीसाठी रचलेले सरपण, दगडी गडगे. विंचवाला राहायला याहून चांगली जागा ती कोणती? उन्हाळा तापला, पहिला पाऊस पडला, की विंचू बाहेर निघत आणि रात्री-अपरात्री माणसे आरोग्य केंद्राच्या दारात येत. लहान पोरे फार. आणि त्यातली बरीचशी आधी मांत्रिकाकडे जाऊन, पाला लावून, चिरा पाडून, मग सगळे हरल्यावर दवाखान्यात येणारी. आली तेव्हा अंग बर्फासारखे गार, धाप लागलेली, तोंडातून गुलाबी फेस. डॉक्टरांच्या समोर प्राण जाई.

लाल विंचवाच्या विषाने फुफ्फुसात पाणी होऊन माणूस दगावतो, हे डॉ. मुंडले यांनी १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहून ठेवले होते. पण रोगी समोर आला, तर त्याला द्यायचे काय, हे कुणाला नीट ठाऊक नव्हते. ॲट्रोपिन द्या, ॲलर्जीचे इंजेक्शन द्या, स्टिरॉइड द्या, गुंगीचे मिश्रण द्या, असे सगळे चाले. यातल्या काहींनी रोग्याचे भलेच होत नसे असे नाही, उलट नुकसान होई, हे पुढे कळले.

तरुण डॉक्टर अशा ठिकाणी दोन वर्षे कशीबशी काढतो आणि बदलीचा अर्ज करतो. त्यात नवल नाही आणि आम्ही त्याला नावेही ठेवत नाही. ज्याचे त्याला कळते. बावस्करांनी मात्र दुसरेच केले. रोग्याच्या खाटेशेजारी बसायचे, नाडी मोजायची, दाब घ्यायचा, घाम किती, हातपाय कधी गार पडले, ओकारी कधी झाली, धाप कितव्या तासाला लागली, हे सगळे वहीत टिपायचे. आपल्याकडे जुनी जाणती माणसे पाऊस कोणत्या नक्षत्रात किती पडला ते टिपून ठेवत, तशातला प्रकार. यंत्रसामग्री काही नव्हती. डोळे, हात, कानाला लावायची नळी आणि दाब मोजायचा पट्टा, एवढेच भांडवल. पुढे ते पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात एम. डी. झाले. एम. डी. झालेल्या माणसाला पुण्यात काय कमी होते? पण ते परत कोकणातच गेले, विंचवाच्या मुलखात.

या टिपणांतून जे निघाले ते १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. वैद्यकशास्त्रातले हे फार जुने आणि मानाचे साप्ताहिक. त्यात त्यांनी सांगितले, की लाल विंचू चावल्यावर हृदयावर संकट येणार की नाही, हे आधीच ओळखता येते. खुणा ठरलेल्या आहेत. ओकारी होते. घाम असा सुटतो, की सदरा पिळून काढावा. तोंडाला लाळ सुटते. हातपाय गार पडतात. पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या बाबतीत लिंगाला आपोआप ताठरता येते. ही खूण माणसे लाजेपायी सांगत नाहीत, म्हणून आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. पोराची चड्डी काढून बघावी, यात लाज कसली?

आणि एक उफराटी गोष्ट. आपली समजूत अशी, की जितकी कळ जास्त तितके विष जास्त. प्रत्यक्षात ज्याला दंशाच्या जागी भयंकर आग होते, जो रात्रभर ठणाठणा बोंबलतो, पण अंग कोरडे आणि हातपाय ऊबदार आहेत, तो बहुधा सुखरूप असतो. ज्याची कळ थोडी, पण अंग घामाने थबथबले आणि जो गप्प पडून राहिला, त्याची काळजी करायची. घरातले लोक नेमके उलटे करतात. ओरडणाऱ्याला उचलून पळतात आणि गप्प पडलेल्याला म्हणतात, ‘झोपू दे, आराम पडला वाटतं.’

आता आत काय घडते ते आपल्या भाषेत सांगतो. विहिरीवर मोटर आहे, तिथून पाइपलाइन शेतात गेली आहे, ठिकठिकाणी व्हॉल्व्ह आहेत. हृदय ही मोटर, रक्तवाहिन्या ही पाइपलाइन. लाल विंचवाचे विष अंगात गेले, की मज्जातंतू खवळतात आणि शरीरातूनच एक रसायन पुराच्या लोंढ्यासारखे रक्तात ओतले जाते. भीती वाटल्यावर छाती धडधडते ना, ती ज्याने धडधडते तेच हे रसायन. डॉक्टर त्याला ॲड्रिनॅलिनच्या कुळातले म्हणतात. त्याने दोन गोष्टी एकदम होतात. सगळे व्हॉल्व्ह करकचून आवळले जातात, म्हणजे रक्तवाहिन्या आक्रसतात. म्हणून तर हातपाय गार पडतात. आणि त्याच वेळी मोटरला जादा वेगाने फिरायला लावले जाते. व्हॉल्व्ह बंद आणि मोटर भरधाव! काय होणार, हे शेतकऱ्याला सांगायला नको. दाब भलताच चढतो, हृदयाचा स्नायू थकतो, रक्त पुढे ढकलले जात नाही, ते मागे तुंबते. हृदयाच्या मागे काय, तर फुफ्फुस. तिथे पाणी साचते. धाप, खोकला, गुलाबी फेस, तो याचाच. माणूस बुडून मरतो, फक्त कोरड्या खाटेवर. मोटर जळाली तर निदान रिवाइंडिंगला टाकता येते.

एवढे उमगल्यावर उपायाची दिशा आपोआप सापडते. मोटरला आणखी चाबूक मारायचा नाही, व्हॉल्व्ह उघडायचे. रक्तवाहिन्या सैल केल्या, की हृदयावरचा भार उतरेल. पहिल्यांदा यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड नावाचे औषध सलाइनमधून दिले गेले. औषध जबर गुणाचे, पण तितकेच धोक्याचे. थेंब जरा जास्त पडला, की दाब धाडकन खाली येतो. मोठ्या शहरात यासाठी वेगळा कक्ष, यंत्रे, माणसे असतात. पोलादपूरसारख्या घाटाच्या पायथ्याच्या गावी काय असणार? डॉक्टरने स्वतः खाटेजवळ बसायचे आणि पुन्हा पुन्हा दाब मोजत राहायचे. तसे करून रोगी वाचले. फुफ्फुसात पाणी झालेला रोगी परत येतो, हे दिसले.

पण हा उपाय गावोगाव कसा चालणार? प्रत्येक आरोग्य केंद्रावर रात्रभर दाब मोजत बसणारा डॉक्टर मिळणार आहे का? इथे आम्हांला बावस्करांच्या शेतकरी बुद्धीचे कौतुक वाटते. आपल्याकडेही असे होते. विद्यापीठाच्या फार्मवर एखादा प्रयोग उत्तम येतो. पण तो आपल्या दोन एकरांत, आपल्या विजेच्या वेळापत्रकात बसतो का, हा खरा प्रश्न. त्यांनी असे औषध हुडकले, जे तोंडाने देता येते, स्वस्त आहे आणि बाजारात आधीपासूनच आहे. प्राझोसिन. मुळात ही रक्तदाबाची गोळी. तिचे काम एवढेच, की आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या. विषाने जे व्हॉल्व्ह बंद केले, तेच नेमके ही गोळी उघडते.

या गोळीच्या अनुभवावरचा लेख १९८६ साली पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच आला. त्यावर दोन नावे होती: हिंमतराव बावस्कर आणि प्रमोदिनी बावस्कर. डॉ. प्रमोदिनी या त्यांच्या पत्नी. दवाखाना दोघांनी मिळून चालवला, रात्री दोघांनी जागवल्या, लेख दोघांनी लिहिले. नावाजणी होते तेव्हा एकाचेच नाव पुढे येते. कांदा लावायला, निंदायला दोघे आणि पट्टीवर नाव मात्र एकाचे, अशी आपल्याकडचीही रीत आहेच. म्हणून हे इथे नोंदवून ठेवतो.

फरक किती पडला? बावस्करांच्याच नोंदींप्रमाणे, ज्यांच्या हृदयावर विषाचा जोरकस परिणाम झाला अशा रोग्यांत १९८३ पर्यंतच्या काळात शंभरातले सुमारे तीस दगावत. प्राझोसिन सुरू झाल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. आकडा पुन्हा वाचा. तीसवरून एकाच्या खाली. यात कोट्यवधीचे यंत्र नाही, शस्त्रक्रिया नाही. एक लहान गोळी आणि वेळेवर ओळखणारा डोळा.

पुढची पायरी लसीची. परळच्या हाफकिनमध्ये सापाच्या लसीसारखीच, घोड्यांच्या रक्तातून लाल विंचवाच्या विषावरची लस तयार होते. प्रश्न असा पडला, की नुसती गोळी पुरे की लसही द्यावी? याचा निकाल अंदाजाने नाही, तर रीतसर प्रयोग करून लावला गेला. महाडच्या दवाखान्यात ७० रोगी घेतले. ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन अधिक लस. कुणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले. दहा तासांनी पाहिले तर लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ पूर्ण बरे झाले होते. नुसत्या गोळीवाल्यांत ८. एका बाजूला सरासरी आठ तास लागले, दुसऱ्या बाजूला सतरा-अठरा. २०११ साली हा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मात्र लस लवकर दिली तरच तिचा खरा उपयोग. एकदा का ते रसायन रक्तात सुटले, की लस ते परत बाटलीत भरू शकत नाही. मग गोळीच कामाची. म्हणून दोन्ही हवीत आणि वेळ हवी.

२०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली. छान झाले. पण त्यांच्या स्वभावाची ओळख आम्हांला दुसऱ्याच एका प्रसंगात जास्त होते. २०१३ ची गोष्ट. त्यांनी एक रोगी तपासणीसाठी पाठवला. काही दिवसांनी त्या तपासणी केंद्राकडून त्यांच्या नावाचा १,२०० रुपयांचा धनादेश आला. रोगी पाठवल्याबद्दलचा हिस्सा! हा व्यवहार चालतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. बोलत कुणी नाही. बावस्करांनी धनादेश परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रारही केली. ते पैसे शेवटी कुणाच्या खिशातले? रोग्याच्याच. उसाच्या वजनात कुणी काटा मारला तर आपण गप्प बसतो का? (आपल्या काट्याबद्दल कुणाला शंका असेल त्याने शेतकी खात्यात खुशाल यावे.) पण दवाखान्यातला काटा आपल्याला दिसत नाही. तो दाखवून देणारा डॉक्टर निघाला, हे आम्ही विशेष मानतो.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. लाल विंचू काही कोकणापुरता नाही. तो महाराष्ट्रात सर्वदूर आहे. भिजलेल्या सरीत तो फारसा राहत नाही. त्याला कोरडी, ऊबदार फट लागते. बांधावरचे दगड, पाचटाचा ढीग, गोवऱ्यांचा हुडवा, सरपण, पडक्या भिंतीची भेग. आणि हंगाम सुरू झाला, की आपण काय करतो? तोडणीच्या टोळ्या आणतो आणि त्यांना कोप्या घालायला जागा देतो ती नेमकी गावाबाहेरच्या मुरमाड माळावर, कारण पिकाखालची जमीन कुणी देत नाही. त्या कोपीत जमिनीवर पसरलेल्या गोधडीत पोरे झोपतात. पहाटे अंधारात बाया उठून चुलीसाठी काटक्या ओढतात. विंचवाच्या आणि त्यांच्या वेळा एकच. नांदगाव-चाळीसगावकडून, पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या या माणसांना जवळचा दवाखाना कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नसते. मुकादमाला विचारावे तर तो म्हणतो, ‘सकाळी बघू, खेप भरायचीय.’

सकाळपर्यंत थांबून चालत नाही, हे या सगळ्यातून ध्यानात यावे. दंश झाला, की दोरी आवळून बांधू नये, ब्लेड मारू नये, तोंडाने ओढू नये. कांदा चोळा, तंबाखू लावा, मीठ भरा, हे आपले घरगुती उद्योग वेळ खातात, बाकी काही करीत नाहीत. विंचू उतरवणारे प्रत्येक गावात असतात आणि त्यांचा गुणही येतो असे लोक सांगतात. का येतो तेही बघा. बहुतेक दंश काळ्या विंचवाचे असतात किंवा थोड्या विषाचे. ते काही तासांत आपोआपच उतरतात. श्रेय मंत्राला जाते. पण शंभरातल्या ज्या थोड्यांच्या हृदयावर विष गेलेले असते, त्यांचे ते चार-सहा तास मंत्रातच संपतात. लहान मूल असेल, घाम किंवा ओकारी असेल, हातपाय गार असतील, तर १०८ ला फोन करावा, आणि गाडी यायला वेळ असेल तर ट्रॅक्टर, जीप, जे दारात असेल ते जुंपावे.

आणखी एक सांगायचे राहिले. दवाखान्यात प्राझोसिन दिल्यावर रोग्याला उठवून बसवू नये, चालवू नये, पोराला खांद्यावर घेऊ नये. रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात. एकदम उभे केले तर दाब पडून घेरी येते. पाहुणे येतात, ‘उठ रे, कसं वाटतंय’ म्हणून हाताला धरून बसवतात. झोपूनच राहू द्यावे. आणि गोळी घरात आणून ठेवून आपल्या मनाने कुणाला देऊ नये. ती किती, कितव्या तासाला आणि कुणाला द्यायची, हे दाब मोजून डॉक्टर ठरवतो.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे. राज्यभरच्या डॉक्टरांच्या पदव्या इथून निघतात. त्यातले काही आपल्याच तालुक्यातल्या आरोग्य केंद्रावर नेमले जातील. त्यांना बावस्करांचा पाठ माहीत असेल, अशी आशा आहे. पण पाठ माहीत असून कपाटात गोळी नसेल तर काय?

म्हणून प्रत्येक गटातल्या सभासदांना एक काम सांगतो. या पंधरवड्यात आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारून या: प्राझोसिनच्या गोळ्या शिल्लक आहेत का, विंचवाची लस आहे का, आणि रात्री दहानंतर तिथे कोण असते. उत्तर, केंद्राचे नाव आणि विचारल्याची तारीख गट ऑफिसात चिटबॉयजवळ लिहून द्यावी. आलेली माहिती पुढच्या अंकात केंद्रवार छापू आणि तोडणीच्या प्रत्येक मुकादमाच्या हातात तिची एक प्रत देऊ.